हा कोणाचा?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें उपकारस्मरण करावें, देणग्यांचा हिशेब सांगावा आणि आशीर्वादाचे चार शब्द बोलून खालीं बसावें, असा प्रघात आहे. उपकारस्मरण सकाळीं मिस्सेच्या वेळीं झालें. हिशेब कोषाध्यक्षांनीं वाचून दाखविला आहे, आणि तो आमच्यापेक्षां त्यांनाच अधिक समजतो. तेव्हां उरलेल्या वेळांत आम्ही एका प्रश्नाविषयीं बोलणार आहों. हा प्रश्न आम्हांला कोणा पंडितानें घातला नाहीं. एका आगरी म्हातारीनें घातला, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत आमचीं या भागांतलीं सगळीं वर्षें गेलीं.

आम्ही मूळचे वसईकडचे. या बाजूला प्रथम आलों त्या दिवशीं, गोव्याच्या महामार्गापासून अलिबागचा रस्ता जेथें फुटतो त्या वडखळच्या नाक्यावर, पाऊस लागल्यामुळें एका टपरीच्या आडोशाला उभे होतों. मासळीची रिकामी पाटी पालथी घालून तीवर एक वृद्ध बाई बसली होती. तिनें आम्हांला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलें आणि विचारलें, “कोनाचा रं तूं?” आमचें वय तेव्हां चाळिशीच्या पुढें आणि अंगांत पांढरा झगा, परंतु तिच्या लेखीं आम्ही एक चुकलेला मुलगा होतों. सेमिनरींत वर्षानुवर्षें तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलेल्या माणसापाशीं उत्तर तयार असतेंच. “आम्ही देवाचे,” असें आम्हीं मोठ्या समाधानानें सांगितलें. बाई हंसली. “देवाची तं सगलीच हान,” ती म्हणाली, “तूं कोनाचा?”

आम्ही निरुत्तर झालों. शहरांत माणसाला “तूं कोण?” असें विचारतात, त्याचें उत्तर नांव, शिक्षण व हुद्दा सांगून देतां येतें. खेड्यांत “तूं कोणाचा?” असें विचारतात. अपरात्रीं तुला ताप भरला तर कोणाच्या घराचें दार उघडेल, दोन दिवस तूं दिसला नाहींस तर कोणाच्या जिवाला घोर लागेल, असा त्या प्रश्नाचा अर्थ आहे. त्याचें उत्तर एकट्याला देतां येत नाहीं. दुसऱ्या कोणीतरी “हा आमचा” असें म्हणावें लागतें.

हाच प्रश्न पवित्र शास्त्रांतहि आहे. रूथ नांवाची मवाबी विधवा आपल्या सासूबरोबर बेथलेहेमास आली. परकी, दरिद्री, आणि ज्या राष्ट्राविषयीं तेथील लोकांचें मत फारसें बरें नव्हतें अशा राष्ट्राची. ती बवाजाच्या शेतांत कापणाऱ्यांच्या मागें सरवा वेंचीत असतां मालक तेथें आला आणि त्यानें मुकादमाला विचारलें तें हेंच: ही मुलगी कोणाची? ती कोण, असें त्यानें विचारलें नाहीं. पुढें तीच रूथ दावीद राजाची पणजी झाली, हें आपण जाणतां. परंतु आरंभ कोठें झाला तें लक्षांत घ्या. परक्यासाठीं शेताचा कोपरा न कापतां ठेवावा असा त्या लोकांचा नियम होता. तो तोडलेलें धान्य त्याच्या हातीं देण्याचा नियम नव्हता. परक्यानें स्वतः शेतांत उतरावें, इतरांच्या मागोमाग वांकून वेंचावें, त्यांच्याबरोबर सावलींत बसून भाकर खावी, अशी ती योजना होती. रूथ त्या गांवची झाली ती त्या कापणीच्या दिवसांत, कणसें वेंचतां वेंचतां.

कोणी म्हणेल कीं, हीं जुनीं व दूरचीं उदाहरणें झालीं. तर मग जवळचीं घेऊं. आपला हा जिल्हा, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, त्याच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक कित्येक शतकें राहिले. ते घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून गांवकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा धर्म निराळा, पूर्वज समुद्रापलीकडले; पण त्यांचीं आडनांवें पाहा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगांवकर, किहीमकर. ज्या गांवानें आश्रय दिला त्याचेंच नांव त्यांनीं आपल्या नांवामागें लाविलें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांतील बहुतेक तिकडे गेले, आणि जातांना पेण व रोहें हीं गांवें आपल्या नांवांतून घेऊन गेले. अलिबागेस इस्राएल आळी अजून त्याच नांवानें ओळखली जाते. तसेंच रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीज तेथून १७४० सालीं गेले. पण तेथील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमांतून झालेली बोली आजतागायत बोलली जाते. म्हणून त्यांना कोणी परके म्हणत नाहीं, ते कोर्लईचे. बोली व पूजा निराळी असूनहि माणूस एका मातीचा होऊं शकतो, याची साक्ष आमच्या दाराशीं आहे.

आतां तो कसा होतो, हें विचारूं. आमच्या मतें याचें उत्तर खारेपाटानें शतकानुशतकें चिखलांत लिहून ठेविलें आहे.

अंबा नदी व धरमतरची खाडी यांच्या कांठची ही भातजमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. मातीचा बांध घातला, भरतीचें पाणी अडविलें, पावसाचें साठलेलें पाणी ओहोटीला उघाडींतून बाहेर सोडलें, तेव्हां पावसानें धुवून धुवून क्षार गेला आणि भात उभें राहिलें. पण बांध हा मातीचा. उधाण आलें, वारा सुटला, खेंकड्यांनीं पाडलेलें भोंक वाढलें, कीं खांड पडते. एकदां खारें पाणी आंत शिरलें म्हणजे केवळ खांडीजवळच्या शेताचें नुकसान होतें असें नाहीं. बांधामागचीं सगळींच शेतें जातात, आणि तीं पुन्हां गोडीं होण्यास वर्षें लागतात. म्हणून जुन्या काळीं जोळाची रीत होती. बांध सर्वांचा, त्याची डागडुजीहि सर्वांची. खांड पडल्याची हांक आली कीं प्रत्येक घरचा माणूस घमेलें, फावडें घेऊन धांवला पाहिजे. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर हें काम सरकारी मंडळाकडे गेलें. त्या बदलाचे गुणदोष सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु आमच्या एका शेतकरी स्नेह्यानें एकदां बांधावर बसून जें सांगितलें तें आम्ही विसरलों नाहीं. तो म्हणाला, “फादर, बांध सरकारचा झाला तेव्हांपासून रात्रीं हांक ऐकूं येईना.”

त्याच्या बोलण्यांत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. गांव आपल्याला कांहीं देतो म्हणून आपण गांवचे होत नाहीं. गांव आपल्याला रात्रीं हांक मारतो आणि आपण उठून जातों, म्हणून आपण गांवचे होतों.

या भूमींत दुसरी हांक आली ती कारखान्याची. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत डोलवी येथें निप्पॉन डेन्रो इस्पात कंपनीनें पोलादाचा कारखाना उभारिला. २०१० सालीं त्याचा ताबा जेएसडब्ल्यू कंपनीकडे गेला. आणि आज वर्षास एक कोटी टन पोलाद करण्याची त्याची क्षमता आहे. खोल समुद्रांतल्या जहाजांतून उतरविलेला कच्चा माल बार्जेसमधून धरमतरच्या खाडीनें धक्क्यास लागतो. त्या कामासाठीं बिहार, झारखंड, ओरिसा, उत्तर प्रदेश, केरळ, तामिळनाडू, बंगाल येथून माणसें आलीं. ज्या गांवांत सगळ्यांना सगळे ओळखीत, तेथें भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या. नाक्यावरच्या दुकानदाराला चार भाषा येऊं लागल्या.

यांतून दोन प्रकारचें परकेपण उत्पन्न झालें. एक, आलेल्यांचें, तें सर्वांना दिसतें. दुसरें, येथेंच जन्मलेल्यांचें; तें कोणाला दिसत नाहीं. ज्याचें शेत गेलें, जो लहानपणीं ज्या खाजणांत खेंकडे धरी तेथें आतां भिंत आहे, तो मनुष्य आपलें घर न सोडतांच परगांवीं गेला. आमच्याकडे येणारे नवे लोक म्हणतात, “गांवकरी बोलत नाहींत.” गांवकरी म्हणतात, “हे लोक येतात कशाला?” बंधूंनो, हीं दोन्ही दुःखें एकच आहेत. दोघांनाहि या भूमीकडून “तूं कोणाचा?” असें कोणी विचारावयास उरलें नाहीं, हें तें दुःख होय.

येथें आम्हांस एका शब्दाविषयीं थोडें सांगावयाचें आहे. वसईकडे आम्ही एका चर्चच्या परिसरास ‘धर्मग्राम’ म्हणतों. हा शब्द गोड आहे. त्यांत ग्राम आहे, घरपण आहे. परंतु युरोपांतील भाषांत त्यासाठीं जो शब्द आहे, तो ज्या ग्रीक शब्दापासून निघाला तो ‘पारोइकिया’. त्याचा मूळ अर्थ, स्वतःचें नसलेल्या गांवांत, दुसऱ्यांच्या शेजारीं, पाहुण्यासारखें राहणें. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक आपणांस त्या त्या नगरांतले परके रहिवासी समजत, म्हणून त्यांच्या मंडळीस हें नांव पडलें. म्हणजे मराठी शब्द सांगतो कीं तुमचें गांव येथें आहे, आणि ग्रीक शब्द सांगतो कीं तुम्हीं सारेच परगांवचे आहां. सेमिनरींत हें आम्हीं पाठ करून परीक्षेंत लिहिलें, गुणहि मिळाले. त्याचा अर्थ मात्र पुष्कळ उशिरां, आणि स्वतःच्या चुकींतून कळला. ती चूक आज महोत्सवाच्या दिवशीं सांगणें आम्हांला प्राप्त आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं छोटानागपूरकडचा एक तरुण दर रविवारीं उपासनेस येई. कंत्राटी कामगार होता. बांकावर तो कधीं बसला नाहीं. दाराशीं, चपलांच्या जवळ उभा राही. आम्ही नेमानें त्याचा हात हातांत घेऊन “कसा आहेस?” म्हणून विचारीत असूं. नाताळांत त्याला करंज्यांची पुडी देत असूं. आपण त्याच्याशीं फार प्रेमानें वागतों, असें आमच्या मनाला वाटे. दोन वर्षांनीं एका सायंकाळीं तो आला. काम संपलें होतें, गांवीं परत जावयाचें होतें, आणि तेथील धर्मगुरूस दाखविण्याकरितां त्याला आमची चिठ्ठी हवी होती. आम्हीं कुटुंबांची वही उघडली. त्याचें नांव वहींत नव्हतें. थोड्या दिवसांचा माणूस म्हणून आम्हीं तें लिहिलेंच नव्हतें. इतकेंच नव्हे, तर लेखणी उचलल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं त्याचें पुरें नांव आम्हांला ठाऊकच नाहीं.

आम्हीं शरमून क्षमा मागितली. तो रागावला नाहीं. आपल्या हिंदींत त्यानें जें सांगितलें त्याचा आशय असा: “फादर, तुम्हीं पुष्कळदां ‘कसा आहेस’ म्हणून विचारलेंत. कांहीं काम मात्र कधीं सांगितलें नाहींत.” मग दारांत उभ्या उभ्या, जणूं सहज आठवलें म्हणून, त्यानें सांगितलें कीं आपल्या गांवच्या देवळांत दर रविवारीं तो मांदर वाजवीत असे. दोन वर्षें! आणि त्याच दोन वर्षांत आमच्या गायकवृंदाला वाद्य वाजविणारा मिळत नाहीं, म्हणून आम्ही तक्रार करीत होतों.

चिठ्ठी घेऊन तो गेला. पुढें त्याचा पत्ता लागला नाहीं. आमच्या करंज्या त्यानें घेतल्या होत्या; पण करंज्या पाहुण्याला देतात, घरच्याला पाणी भरावयास सांगतात. आम्हीं त्याला दोन वर्षें पाहुणाच ठेविलें, आणि त्यालाच प्रेम समजलों. पाहुणचार ही थोर गोष्ट आहे. परंतु तो लांबला म्हणजे, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, माणसाला दाराबाहेर ठेवण्याची एक सभ्य रीत होऊन बसतो.

त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला. नवा माणूस आला कीं पहिल्या महिन्यांत त्याला कांहीं काम सांगावयाचें. फुलें आणणें असो, दिवा लावणें असो, आजाऱ्याला घेऊन पेणेपर्यंत जाणें असो, कीं मयताला खांदा देणें असो. आरंभीं आमच्यांतल्याच कित्येकांना हें रुचलें नाहीं. ज्या घराण्यांनीं वर्षानुवर्षें एखादी सेवा केली, त्यांना ती सेवा आपली मालमत्ता वाटते. “कालचा आलेला, तो आज वाचन करणार?” असें आम्हांला तोंडावर विचारलें गेलें. विचारणारे येथें बसले आहेत, आणि त्यांतले बहुतेक आज हंसत आहेत. तेव्हां अधिक बोलत नाहीं.

एका पावसाळ्यांत उधाणाच्या रात्रीं जवळच्या बांधाला खांड पडली. निरोप आमच्याकडे सकाळीं आला. आम्ही पोहोंचलों तेव्हां गांवचे लोक गोणींत माती भरीत होते, आणि त्यांच्या रांगेंत कामगारांच्या खोल्यांतलीं आठ-दहा पोरें गुडघाभर चिखलांत उभीं होतीं. रात्रपाळी करून तीं परस्पर आलीं होतीं. कोणीं सांगितलें होतें तें अजून ठाऊक नाहीं. त्यांतलीं आमच्या उपासनेस येणारीं फार तर तीन. एकाचें एक बोट गोणी बांधतांना कापलें होतें, आणि एक गांवकरी बाई आपल्या लुगड्याचा कांठ फाडून तें बांधीत होती. तिच्या मुलानें विचारलें, “आई, हा कोनाचा गो?” ती मान वर न करतां म्हणाली, “आपलेच आलींतला हाय.”

बंधुभगिनींनो, त्या एका सकाळीनें सगळें बदललें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पुढल्याच आठवड्यांत पाण्याच्या नळावरून त्याच आळींत भांडण झालें. पण तें भांडण शेजाऱ्यांचें होतें, परक्यांचें नव्हतें. आणि यांतला भेद ज्यानें खेड्यांत दिवस काढले आहेत त्याला समजावून सांगावा लागत नाहीं.

आणखी एका समाजाची आठवण केल्याविना हें भाषण पुरें होणार नाहीं. या तालुक्याच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराच्या लांकडापासून कात पाडीत, म्हणून हें नांव. ते कालपरवां आलेले नाहींत. तरीहि ज्या जमिनीवर त्यांच्या झोंपड्या उभ्या आहेत, ती कित्येक ठिकाणीं त्यांच्या नांवें नाहीं. आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या व कोळशाच्या कामासाठीं घरें बंद करून त्यांना दूर जावें लागतें. मग शाळेच्या हजेरीपटावरून मुलांचीं नांवें गळतात. चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें आपली जमीन पडीक ठेवून संप चालविला तो याच जिल्ह्यांत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. कसणाऱ्याला जमिनीवर कांहीं तरी हक्क असावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. ज्यांच्या आजोबांनीं तें सोसलें, त्यांना कातकऱ्याचें दुःख कळावयास आमच्या प्रवचनाची गरज नसावी. ज्याचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, त्याची वही आधीं उघडली पाहिजे.

आतां समारोप. जे येथले आहेत त्यांना आमची विनंती अशी कीं, नव्या माणसाला गोड शब्द द्या, पण तेवढ्यावर थांबूं नका. त्याला काम सांगा, त्याच्याकडे मीठ मागा, आपल्या मुलाला घटकाभर त्याच्या घरीं बसवा. मागणें हा विश्वासाचा पहिला शब्द आहे. जे बाहेरून आले आहेत त्यांनाहि आमचें सांगणें आहे, आणि तें थोडें कडक आहे. तुमच्यांतल्या कित्येकांच्या खोलींत दहा वर्षांनंतरहि ट्रंक भरलेली असते. “आम्ही काय, आज आहों उद्यां नाहीं,” असें तुम्हीं म्हणतां. परंतु दहा वर्षें हें आयुष्य आहे. तें वाट पाहण्यांत घालवूं नका. मराठी शिका, चुकत कां होईना, बोला. गांवच्या मयताला जा. आपल्या मूळ गांवावरचें प्रेम सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीहि वसईची केळीची वाडी विसरलों नाहीं, आणि संतापलों म्हणजे अजून आमच्या सामवेदी बोलींतच बोलतों, हें स्वयंपाकघरांतून विचारून घ्यावें.

आणि आमच्याकडून या महोत्सवाची भेट म्हणून एवढेंच: धर्मग्रामाची नवी वही आम्हीं आणविली आहे. ती आज रात्रीपर्यंत दाराशीं मेजावर उघडी राहील. सहा महिन्यांसाठीं आलेल्यानेंहि तींत आपलें पुरें नांव, मूळ गांव आणि आपल्याला काय करतां येतें तें लिहावें. पहिल्या पानावरची पहिली ओळ आम्हीं कोरी ठेविली आहे. तो मांदर वाजविणारा तरुण परत येईल अशी आशा नाहीं. परंतु तें नांव आमच्याकडून राहून गेलें, हें वही उघडणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूस कळावें, म्हणून ती ओळ कोरीच राहील.

त्या म्हाताऱ्या बाईचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. तिची गांठ त्यानंतर अनेकदां पडली. प्रत्येक भेटींत ती आम्हांला तोच प्रश्न घाली, आणि आम्ही कांहीं तरी नवें उत्तर देऊन फसत असूं. शेवटल्या आजारांत तिच्या सुनेनें आम्हांला बोलाविलें. धर्मानें ती आमची नव्हती. आम्ही केवळ शेजारी म्हणून गेलों. अंथरुणाशीं कोणी पाहुणा बसला होता, त्यानें आमच्याकडे बोट करून हळूच विचारलें, “हे कोण?” म्हातारीनें डोळे उघडले नाहींत. “आमचा पाद्री,” ती म्हणाली.

 परमेश्वर आपल्या सर्व घरांचें, जुन्या व नव्या, पक्क्या व भाड्याच्या, रक्षण करो.